पत्त्यांच्या जादूचा गुरू कोण?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पत्त्यांची गोष्ट काढावी, हे काही वडीलधाऱ्या मंडळींना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. आपल्या घरांत पत्ते चालतात ते उन्हाळ्याच्या सुटीपुरते. एरवी पत्ते म्हटले की जुगार आणि जुगार म्हटला की संसाराची धूळधाण, असाच विचार मनात येतो. पण आज आम्ही डावाविषयी बोलणार नाही. पत्त्यांच्या आधाराने वाढलेली हातचलाखीची जी विद्या आहे, ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी जात आली, आणि आज ती कशी जात आहे, याचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती प्रसंगाने. गेल्या दिवाळीत पाथर्डीतच एका स्नेह्यांच्या घरी बसलो असता त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आम्हांला पत्त्यांची जादू दाखविली. आम्ही ओढलेली चौकटची सत्ती त्याने आमच्यादेखत कॅटच्या मध्यात सरकवली, बोटाने टिचकी मारली आणि वरचे पान उलटले, तो तीच सत्ती! पुन्हा मध्यात घातली, पुन्हा वर आली. तीन-चार वेळा असे झाल्यावर आम्ही विचारले, "कोणाकडे शिकलास?" तो म्हणाला, "कोणाकडेच नाही, काका. व्हिडिओ डाउनलोड केला." शेजारी त्याची आजी वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे गुरूवाचून शिकला म्हणायचा." मुलाला ती शाबासकी वाटली. आजीच्या मनात मात्र ती तक्रार होती. एकाच वाक्याचे हे जे दोन अर्थ झाले, त्यांपैकी खरा कोणता, याचा शोध घेणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम पत्त्यांविषयी थोडेसे. पत्ते आपल्या देशात दोन वाटांनी आले. पहिली वाट खुष्कीची. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद आपल्या आत्मवृत्तात केली आहे. पुढे अबुल फजलने आईन-ए-अकबरीत या खेळाचे वर्णन केले. मोगली गंजिफ्यात ८ रंग आणि प्रत्येक रंगाची १२ पाने, मिळून ९६ पाने असतात. आपल्याकडे या खेळाने वैष्णव रूप घेतले आणि मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग असलेला १२० पानांचा दशावतारी गंजिफा तयार झाला. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ही कला जोपासली. ती लयाला जात असताना १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला पुन्हा आश्रय दिला. पण हे पान गोल आणि रंगलाखेने जड झालेले. ते कडेने धरून पिसता येत नाही. कापडावर पसरून कालवावे लागते. असे पान डोळ्यांना सुख देईल, पण हातचलाखीला उपयोगी पडणार नाही.

दुसरी वाट समुद्राची. युरोपीय लोकांबरोबर आलेला ५२ पानांचा चौकोनी कॅट आपण इतका आपला केला की त्यातील सरदाराला गुलाम करून टाकले. हे पान पातळ, लवचिक आणि चार कोपऱ्यांचे; सर्वांची पाठ सारखी. कोपरा करंगळीने किंचित दाबता येतो, दोन पाने एकावर एक बसवून एकच म्हणून उचलता येतात, आखूड कडेला बोट लावून सारा गठ्ठा वाकवता येतो. पत्त्यांच्या जादूचे निम्मे शास्त्र या कागदाच्या घडणीतच आहे.

उरलेल्या निम्म्याविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. जादूत एक रहस्य असते आणि ते कळले की जादू आली, असे बहुतेकांस वाटते. काही खेळांपुरते हे खरे आहे. सुटीत आपण सर्वांनी केलेला एकवीस पानांचा खेळ घ्या. सात-सात पानांच्या तीन ओळी मांडावयाच्या, समोरच्याने मनात धरलेले पान कोणत्या ओळीत आहे ते विचारावयाचे, ती ओळ मध्ये ठेवून गोळा करावयाचे. असे तीन वेळा केले की ते पान वरून बरोबर अकरावे येते. यात हाताचे कसब काही नाही, केवळ गणित आहे. या जातीच्या खेळांचे गणित झेर्गोन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८१३-१४च्या सुमारासच मांडले होते. हे रहस्य आतेभावाने मामेभावाला सांगितले की व्यवहार पुरा झाला.

आता त्या सत्तीचा खेळ घ्या. त्याचे रहस्य आम्ही मघाशीच सांगून टाकले: दोन पाने एकच म्हणून उचलावयाची. पण हे ऐकून कोणाच्याही हातून तो खेळ होणार नाही. दोन पानांच्या कडा केसभरही सरकता कामा नयेत, बोटांना ती न मोजता सापडली पाहिजेत, आणि सर्वांत अवघड म्हणजे त्या क्षणी चेहऱ्यावर काही घडत असल्याची छाया दिसता कामा नये. याला महिने लागतात. रहस्य आणि विद्या यांतील हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे पुढचा इतिहास समजण्यास सोपा जाईल.

रहस्ये उघडी पडू लागली ती काही मोबाईलमुळे नव्हे. १५८४ साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने चेटूक या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्यात पत्त्यांच्या, नाण्यांच्या व गोळ्यांच्या हातचलाख्या उलगडून दाखविल्या. त्याचा हेतू करमणुकीचा नव्हता. चेटकिणी ठरवून गोरगरीब म्हाताऱ्या बायकांना त्या काळी फासावर दिले जाई. जे अद्‌भुत दिसते ते हाताचेही असू शकते, हे त्याला लोकांना पटवावयाचे होते. आपल्या महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव भोंदूंचे चमत्कार स्वतः करून दाखवितात आणि त्यांमागील युक्ती सांगतात, ते याच वाटेने जाणारे आहेत. त्या कार्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २०१३ साली प्राण गमावले आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा रहस्य उघड करणे हा सदासर्वदा द्रोहच असतो, असे आम्ही म्हणणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या व्याख्यानमालेचे आपण वारस. ज्ञान झाकून ठेवा असे या व्यासपीठावरून तरी सांगता येणार नाही.

पण पुस्तकाने विद्या येते काय? फ्रान्समधील रॉबेर-उदँ हा १८०५ साली जन्मलेला घड्याळजी. त्याने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, घड्याळांवरील ग्रंथ मागितला असता पुस्तकविक्याने चुकून जादूच्या खेळांचे पुस्तक हाती दिले, आणि आयुष्याची दिशा पालटली. मात्र पुस्तकात युक्ती होती, हात नव्हता. म्हणून तो चार चेंडू हवेत झेलावयास शिकला आणि चेंडू झेलता झेलता समोरचे पुस्तक वाचण्याचा सराव त्याने केला. हात आपले काम करीत असताना डोळे आणि मन मोकळे राहावे, एवढ्यासाठी.

पत्त्यांपुरते बोलावयाचे तर खरा आधारग्रंथ १९०२ साली शिकागोत निघाला. लेखकाचे नाव एस. डब्ल्यू. अर्डनेझ असे छापले आहे. हे टोपणनाव मानले जाते आणि त्यामागचा माणूस कोण, याचा वाद आजतागायत मिटलेला नाही. जुगारी लोकांच्या लबाड्या आणि जादूगारांच्या युक्त्या १०१ चित्रांनिशी त्याने त्यात उलगडल्या. कॅनडातील ओटावा येथे १८९४ साली जन्मलेल्या डाय व्हर्नन या मुलाने हे पुस्तक लहानपणीच जवळजवळ मुखोद्गत केले आणि पुढे तो विसाव्या शतकातील पत्त्यांच्या जादूचा आचार्य ठरला.

या व्हर्ननची एक गोष्ट आमच्या विषयाचे मर्म सांगणारी आहे. १९३२ साली तो अमेरिकेतील विचिटा गावी लोकांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे काळ्या कागदातून कात्रीने कापून देऊन पोट भरीत होता. तेथल्या तुरुंगातील एका मेक्सिकन जुगाऱ्याकडून त्याला कळले की, कॅटच्या मध्यातून पान वाटणारा एक माणस कोठेतरी आहे. वरून वाटताना खालचे पान देणारे त्याला ठाऊक होते. मध्यातून देणारा कोणी पाहिला नव्हता. अर्डनेझ ज्याच्या जिभेवर, तो हा माणूस जुगाराच्या अड्ड्यांवर चौकशी करीत निघाला, आणि मिसुरी राज्यातील प्लेझंट हिल नावाच्या लहानशा गावी त्याला ॲलन केनेडी हा जुगारी भेटला. त्याच्यासमोर बसून व्हर्ननने ती युक्ती पाहिली. म्हणजे साऱ्या पुस्तकांचे पारायण झाल्यावरही एका आडगावच्या अनाम माणसाच्या हातांपुढे जाऊन बसावे लागले.

आपल्याकडे याच शतकात पुण्याच्या रघुवीर भोपळे यांनी, म्हणजे जादूगार रघुवीर यांनी, जादूला मराठी रंगमंचावर प्रतिष्ठा दिली. देशोदेशी प्रयोग केले आणि 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिले. त्यांचे पुत्र विजय व नातू जितेंद्र यांनी हीच वाट धरली. घराण्यातून विद्या उतरण्याचे हे उदाहरण बोलके आहे. पण असे घराणे किती जणांच्या वाट्यास येते?

म्हणूनच व्हिडिओचे आगमन ही सामान्य गोष्ट नव्हे. आधी घरगुती कॅसेटी, मग तबकड्या, आणि २०००नंतर महाजाळावरून उतरवून घ्यावयाचे धडे, असा हा क्रम आहे. १९९७ साली डेव्हिड ब्लेन या अमेरिकन जादूगाराने रस्त्यावरच्या माणसांना पत्त्यांची जादू दाखविणारा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर केला आणि तरुणांना या कलेचे वेड लागले. ती हौस पुरविण्यास २००१ साली एल्यूजनिस्ट, २००७ साली थिअरी इलेव्हन अशा कंपन्या निघाल्या. एकेक खेळ सुटा विकत घ्यावयाचा, पैसे भरताच तो उतरवून घ्यावयाचा. २००५ साली यूट्यूब आले आणि २०१६नंतर आपल्याकडे मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा ही शाळा पाथर्डीच्या माळवदावर येऊन बसली.

या शाळेचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. कोणते बोट कोणत्या कोपऱ्याला, हे पुस्तकाला शब्दांत सांगावे लागते. चित्र दाखविले तरी हालचालीची लय चित्रात येत नाही. व्हिडिओत ती येते. पुन्हा पाहता येते, सावकाश पाहता येते. शिकविणारा कंटाळत नाही की रागावत नाही. आणि सर्वांत मोठा गुण असा की, हा गुरू जात विचारीत नाही, घराणे विचारीत नाही, अंगठा मागत नाही. ज्या देशात विद्येची दारे जन्मावरून उघडत वा बंद होत, त्या देशात हे लहान दान नव्हे. जुन्या गुरुकुलांचे गोडवे गाताना ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

उणे सांगावयाचे ते एवढेच की, शिष्य गुरूकडे पाहतो, पण हा गुरू शिष्याकडे पाहत नाही. पान उचलताना मुलाची मान किंचित खाली जाते, हे व्हिडिओला कळत नाही. शिवाय मुलगा युक्तीबरोबर शिकविणाऱ्याचे बोलणे, हातवारे, विनोददेखील उचलतो. आमच्या त्या तरुणाने सारा खेळ इंग्रजीत केला. आजीला त्यातले काही समजेना म्हणून तिने वातींत मन घातले. जिचे लक्ष वेधावयाचे तीच उठून गेल्यासारखी झाली.

पत्ते येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे हातचलाखी होती, आणि तिचे आचार्य पाथर्डीपासून फार दूर नाहीत. आपल्याच तालुक्यातील मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. कानिफनाथांच्या या गडाच्या बांधकामाला भटक्या जातींचा हात लागला, असे परंपरा सांगते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा भरते. होळीचा मान गोपाळ समाजाचा, आणि रंगपंचमीला गर्दीची शिकस्त होते. गाढवांचा बाजार भरतो, वैदू, गोपाळ, मदारी, गारुडी अशा अनेक जमातींची पाले पडतात. गारुडी तर नाथपंथाला आपले गुरुघर मानतात.

या रंगपंचमीला आम्ही त्या तरुणाला मढीला घेऊन गेलो. गडाखाली एका वयस्क गृहस्थाने फाटके पोते अंथरले होते. समोर तीन वाट्या, चिंधीच्या तीन गोळ्या. मुलगा आमच्या कानात म्हणाला, "काका, हे मला येतं. गोळी बोटांच्या बेचक्यात असते." आणि मग तो पाहू लागला. गोळी या वाटीतून त्या वाटीत गेली, तीनच्या चार झाल्या, शेवटी मधल्या वाटीखालून लिंबू निघाले. मुलगा रहस्य जाणत होता आणि तरीही फसला. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "माझं पाहणारे समोर बसतात. हे तर चारी बाजूंनी बसलेत."

त्याने नेमके वर्म ओळखले होते. व्हिडिओतील खेळ एका कॅमेऱ्यासमोर बसविलेला असतो. मागून वा बगलेने कोणी पाहत नाही. गारुडी उघड्या उन्हात, जमिनीवर बसून, पाठीमागे पोरे उभी असताना खेळ करतो. त्याला टेबल नाही, पडदा नाही, बाही दुमडलेली. त्याचे आडोसे दोनच: बोलणे आणि वेळ साधणे. सारे वर्तुळ कोणत्या शब्दावर हसेल आणि हसताना कोणाची नजर कोठे जाईल, हे त्याला ठाऊक असते. आम्ही विचारले, शिकायला किती दिवस लागले? त्याला आठवेना. येत नव्हते असा दिवसच त्याच्या आठवणीत नव्हता. पोत्यावर त्या वेळी दहा-दहाच्या चार-सहा नोटा पडल्या होत्या. मुलाने सत्तीच्या एका खेळासाठी अमेरिकेस जे डॉलर धाडले होते, त्यांचे रुपये त्याहून अनेक पटींनी अधिक होते.

अशा माणसांकडे आपल्या कायद्याने कसे पाहिले, तेही ऐका. १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला; तो १९५२ साली पुसला गेला. १९५९ साली मुंबई राज्यात भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. त्यात भिक्षेची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे यांच्या निमित्ताने पैसे मागणे-घेणे हेही धरले. म्हणजे रस्त्यावरचा खेळ ही कला नसून भीक मागण्याचे सोंग ठरले. १९७२च्या वन्यजीव कायद्याने साप आणि अस्वल गेले. प्राण्यांच्या दृष्टीने ते उचितच झाले, पण गारुड्याजवळ उरले ते फक्त हात. आणि मग १९९४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कलाकाराला सादरीकरणाचा हक्क मिळाला. कलाकार म्हणजे कोण, हे सांगताना कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी कसरती करणारा, हातचलाखी करणारा आणि सापाचा खेळ करणारा यांची नावे घेतली आहेत. त्याच कलमात आणखी एक नाव आहे. ते म्हणजे व्याख्यान देणारा! मढीच्या पोत्यावर बसलेले ते गृहस्थ आणि या व्यासपीठावर उभे असलेले आम्ही कायद्याच्या एकाच ओळीत आहोत. आम्हांला मात्र हार आणि तांब्याभर पाणी मिळते.

युक्तीवर मालकी सांगता येत नाही, हे खरे. अमेरिकेत टेलर नावाच्या जादूगाराने आपला खेळ चोरल्याबद्दल दावा लावला, तेव्हा २०१४ साली न्यायालयाने सांगितले की, जादूच्या युक्तीला स्वामित्वहक्क नाही; परंतु नाट्य म्हणून बसविलेल्या सादरीकरणाला तो आहे. म्हणून त्या विद्येचे जाणकार कायद्याहून एक संकेत अधिक मानतात: ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगावयाचे. परदेशी व्हिडिओत शिकविणारा पुष्कळदा आरंभीच सांगतो की, ही पकड अमक्याची, ही कल्पना तमक्याची. आमच्या तरुणाला अर्डनेझ आणि व्हर्नन ही नावे अशीच ठाऊक झाली. मढीच्या गृहस्थांचे नाव मात्र त्याला कोणी सांगितलेले नव्हते. यात्रेत शेकडो मोबाईल त्या वाट्यांवर रोखलेले आम्ही पाहिले. चित्रण करणाऱ्यांपैकी एकानेही नाव विचारले नाही.

तेव्हा आजीच्या वाक्याचा निवाडा असा करावा लागतो. मुलगा गुरूवाचून शिकला, हे खरे नाही. त्याच्या बोटांत शिकागोच्या एका अनाम माणसाचे, ओटावाच्या पोराचे आणि प्लेझंट हिलच्या जुगाऱ्याचे हात आहेत. फक्त ते त्याच्यासमोर बसले नव्हते. डाउनलोडने गुरू नाहीसा होत नाही, तो दिसेनासा होतो, आणि न दिसणाऱ्याचे ऋण विसरणे सोपे असते. पण आजीची तक्रारही खोटी नव्हे. कारण जो समोर बसू शकतो, चुकलेली मान पाहून सांगू शकतो, असा गुरू काही कोसांवर असताना आपल्या गावाने त्याला कधी गुरू म्हटले नाही. हा दोष मोबाईलचा नसून आपला आहे.

यावर आमची सूचना साधी आहे. पुढील फाल्गुनात मढीला जाल तेव्हा खेळाचे चित्रण करण्यापूर्वी त्या माणसाला विचारा, त्याचे नाव लिहून घ्या, आणि ज्या हिशेबाने परदेशी धड्याचे मोल देता त्याच हिशेबाने याचेही द्या. आणि पुढील वसंतात या व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ अशा कलाकाराला द्यावी, त्याला हाराने आणि मानधनाने बोलवावे, अशी चालकांस आमची विनंती आहे. व्यासपीठ नको, श्रोत्यांनी भोवती चारी बाजूंनी बसावे.

तो तरुण आता आपला खेळ मराठीत करतो. परवा आजीने त्याच्या हातून पान ओढले, आणि बदामची राणी वर आलेली पाहून वाती तशाच ठेवून म्हणाली, "पुन्हा कर."